कावसजी: टिपूच्या कैदेत नाक गमावलेला गाडीवान, ज्याच्यामुळे प्लास्टिक सर्जरी जगभर पोहोचली

जळगाव असो की धुळे, कॉस्मेटिक सर्जरी हा आता फक्त मुंबई-पुण्याचा विषय राहिलेला नाही. ब्रेस्ट ऑग्मेंटेशन, म्हणजे स्तनांचा आकार वाढवण्याची शस्त्रक्रिया, हा शब्दही मोबाईलवर शोधला जातो. घरात मात्र त्यावर कुजबुजतच बोललं जातं. आणि कुणी बोललंच, तर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. चांगलं धडधाकट शरीर असताना ही हौस कशाला?

पण शरीराला पुन्हा आकार देणाऱ्या शस्त्रक्रियेची गोष्ट ज्या माणसाच्या चेहऱ्यामुळे जगभर गेली, तो कुणी हौशी श्रीमंत नव्हता. तो सैन्यात बैल हाकणारा साधा गाडीवान होता. नाव कावसजी. १७९३ साली पुण्याजवळ एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं. स्तनांच्या शस्त्रक्रियेसाठी आज डॉक्टर जे पर्याय सांगतात, ते समजून घ्यायची किल्लीही त्याच नाकात आहे.

कावसजी होता कोण?

नाव ऐकून तो पारशी वाटतो. पण त्या काळच्या छापील वृत्तांतात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचं म्हटलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात तो बैल हाकायचा.

हे काम वाटतं तेवढं किरकोळ नव्हतं. तेव्हा ना रेल्वे होती, ना ट्रक. तोफा, दारूगोळा, तंबू, धान्य, सगळं बैलांवर चालायचं. एकेक मोठी तोफ ओढायला डझनावारी बैल लागायचे. खान्देशात लमाणांचे तांडे सगळ्यांना माहीत आहेत. अशाच तांड्यांनी दक्षिणेतल्या युद्धात फौजांना धान्य पुरवलं होतं. बैल थांबले की फौज थांबायची.

१७९० ते १७९२ या काळात म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध कंपनी, पेशवे आणि निजाम एकत्र लढत होते. इतिहासात हे तिसरं इंग्रज-म्हैसूर युद्ध म्हणून ओळखलं जातं. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज टिपूची राजधानी श्रीरंगपट्टणच्या जवळ पोहोचली होती. पण बैल मेले, धान्य संपलं आणि त्याला आपल्याच अवजड तोफा निकामी करून मागे फिरावं लागलं. परतताना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठा फौजा भेटल्या, त्यांच्याकडे धान्य होतं, म्हणून उपासमारीतून सुटका झाली.

थोडक्यात, शत्रूला जेरीस आणायचं तर त्याची रसद तोडायची, हे टिपूच्या घोडदळाला पक्कं माहीत होतं. आणि रसदेसोबत कोण असायचं? कावसजीसारखे गाडीवान.

नाक कापलं म्हणजे नेमकं काय गेलं?

या युद्धात कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे अशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ कंपनीच्या मुंबई फौजेला येऊन मिळाला. मार्च १७९२ मध्ये तह झाला, युद्ध संपलं. कंपनीने कावसजीला पेन्शन दिली.

म्हणजे बघा, जीव वाचला होता. पोटापाण्याची सोय झाली होती. हात तर परत येणार नव्हता. मग नाकाशिवाय काय अडलं होतं?

याचं उत्तर मराठी भाषेतच आहे. इज्जत गेली की आपण नाक कापलं गेलं म्हणतो. ताठ मानेने फिरणारा नाक वर करून चालतो. नाक कापणं ही शिक्षा नुसत्या वेदनेसाठी दिली जात नव्हती. ज्याचं नाक कापलं, त्याच्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला ती शिक्षा दिसावी, हा त्यामागचा हेतू होता. चोरीच्या, व्यभिचाराच्या आरोपावरूनही नाकं कापली जात, आणि त्यात बायकाही असत. जखम भरली तरी शिक्षा संपत नसे.

कावसजीने असं वर्षभराहून जास्त काळ काढलं. मग तो पुण्याजवळच्या एका कारागिराच्या हाताखाली झोपला. भूल देण्याची पद्धत यायला अजून ५० वर्षांहून जास्त काळ होता. इथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया जगाने पाहिली ती १८४६ साली, अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये. एवढी वेदना माणूस निव्वळ हौसेखातर सोसत नाही.

कुंभाराने नाक कसं घडवलं?

ही शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव नोंदवलं गेलेलं नाही. तो जातीने कुंभार होता, एवढाच उल्लेख आहे. कंपनीच्या मुंबईतल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून तिची प्रत्येक पायरी कागदावर आली.

आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून त्याला नाकाचा आकार दिला जायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. शिंपी जसा कागदाचा नमुना कापडावर ठेवून खूण करतो, तसंच हे. त्या रेघेवरून कपाळाची कातडी कापून सोडवली जायची. पण ती पूर्ण सुटी केली जात नसे. दोन भुवयांच्या मधे कातडीची एक चिंचोळी पट्टी तशीच ठेवली जायची.

नाकाच्या जुन्या जखमेवरचा भरलेला भाग खरवडून ताजा केला जायचा आणि बाजूने, वरच्या ओठापर्यंत, खाच घेतली जायची. मग कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा या खाचेत बसवायच्या. टाके नाहीत. कापडाच्या पाच-सहा पट्ट्यांना पाण्यात कालवलेला काथ, म्हणजे विड्यात घालतात तोच, लावून त्या एकावर एक चिकटवल्या जायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या ठेवायच्या. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यात मऊ कापड घालायचं. साधारण पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती पट्टी कापायची.

या सगळ्यात खरी हुशारी त्या पट्टीत होती. त्या जागेतून कपाळाला रक्त पुरवणारी धमनी जाते. कातडी पूर्ण तोडून लावली असती, तर रक्त न मिळाल्याने ती काळी पडून मेली असती. पट्टी शाबूत असल्यामुळे नवं नाक जुन्या रक्तावर जगायचं. तोवर खालच्या बाजूने नव्या रक्तवाहिन्या तयार व्हायच्या. त्या झाल्या की पट्टीची गरज संपायची. आजही कपाळाच्या कातडीने नाक बनवताना सर्जन ही पट्टी साधारण तीन आठवड्यांनीच कापतात. त्या कारागिराचा हिशोबही त्याच्या जवळपासच होता.

ही विद्या त्या कुंभाराने शोधलेली नव्हती. सुश्रुत संहितेत गालाची कातडी वापरून नाक घडवण्याचं वर्णन आहे. मधल्या शतकांत ही कला ग्रंथांपेक्षा कारागिरांच्या घराण्यांत टिकली, बापाकडून मुलाकडे जात राहिली. हिमाचलमधल्या कांगड्यातही असंच एक घराणं प्रसिद्ध होतं.

पुण्याचं चित्र लंडनला

कावसजीला नवं नाक मिळालं ते १७९३ च्या मार्चच्या सुमारास. दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, त्याचं चित्र काढण्यात आलं. चित्रकार होते जेम्स वेल्स. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढणारे तेच हे स्कॉटिश चित्रकार. तेव्हा ते पुण्यात होते आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांचा त्यांना आधार होता.

पेशव्यांचं चित्र काढणाऱ्या हाताने एका गाडीवानाचंही चित्र काढलं, ही गोष्टच विशेष. त्या चित्रावरून छापील प्रत तयार झाली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिन या मासिकात ती शस्त्रक्रियेच्या वर्णनासह प्रसिद्ध झाली. कावसजीचा चेहरा, बाजूला मेणाचा नमुना आणि कपाळावरच्या कापाच्या आकृत्या, असं ते चित्र होतं. आजही प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासावरच्या पुस्तकांत ते हमखास दिसतं.

युरोपला ही बातमी नवलाची का वाटली? इटलीतल्या बोलोन्यात गास्पारे तालियाकोत्सी यांनी १५९७ साली नाक बनवण्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यात दंडाची कातडी वापरायची आणि हात कित्येक दिवस चेहऱ्याला बांधून ठेवायचा अशी पद्धत होती. नंतर तिथे ही विद्या जवळपास विसरली गेली. पुण्याची पद्धत तुलनेने सुटसुटीत होती.

लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी ती मनावर घेतली. आधी मृतदेहांवर सराव केला. मग २३ ऑक्टोबर १८१४ रोजी नाक गमावलेल्या एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली आणि ती यशस्वी झाली. १८१६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक काढलं. १८१८ मध्ये बर्लिनचे कार्ल फॉन ग्रेफे यांनी नाकाच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या नावात प्लास्टिक हा शब्द आला. इथे प्लास्टिकचा बादलीतल्या प्लास्टिकशी संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे घडवणं, आकार देणं. मातीला आकार देणाऱ्या कुंभाराने जे केलं, त्याला युरोपने नेमकं तेच नाव दिलं.

नाकापासून स्तनापर्यंत

१८९५ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गचे सर्जन व्हिन्सेंझ झेर्नी यांच्याकडे एक गायिका आली. तिच्या स्तनातली गाठ काढावी लागली. गाठ कॅन्सरची नव्हती, पण ती काढल्यावर एक बाजू रिकामी दिसणार होती. तिच्या पाठीच्या खालच्या बाजूला चरबीची एक निरुपद्रवी गाठ होती. झेर्नी यांनी ती काढून रिकाम्या जागेत बसवली. स्तनाला पुन्हा भराव देण्याची ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया मानली जाते. तिचाही हेतू गेलेला आकार परत मिळवणं हाच होता.

यानंतर सोपे मार्ग शोधण्याच्या नादात बरंच नुकसान झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅराफिन, म्हणजे एक प्रकारचं मेण, टोचलं गेलं. पुढे पातळ सिलिकॉन टोचलं गेलं. गाठी झाल्या, जखमा चिघळल्या, काहींचे स्तन काढावे लागले. कुंभाराने मेण फक्त मापाला वापरलं होतं. नाक घडवलं ते जिवंत कातडीचं. हा फरक लक्षात न घेतल्याची किंमत अनेक बायकांनी मोजली.

१९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी पिशवीत बंद केलेल्या सिलिकॉन जेलचं पहिलं इम्प्लांट बसवलं. आज ज्याला ब्रेस्ट इम्प्लांट म्हणतात, त्याची सुरुवात ही. दुसरीकडे, कॅन्सरमुळे स्तन काढलेल्या बायकांसाठी कावसजीच्याच तत्त्वावर काम चालू होतं. इटलीच्या इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ मध्ये पाठीचा स्नायू आणि कातडी, रक्तवाहिनी न तोडता, छातीवर वळवली. १९८२ मध्ये अमेरिकेच्या कार्ल हार्ट्रॅम्फ यांनी पोटाची कातडी आणि चरबी अशाच पद्धतीने वर आणून स्तन घडवला. कपाळावरून नाक, तसाच पोटावरून स्तन.

आजचे पर्याय काय?

कावसजीच्या नाकाने एक प्रश्न शिकवला. नवा भाग रक्त कुठून घेणार? हाच प्रश्न विचारला की आजचे तिन्ही पर्याय नीट कळतात.

इम्प्लांट: सिलिकॉनची पिशवी, आत सिलिकॉन जेल किंवा मिठाचं पाणी. ती स्तनाच्या ग्रंथीमागे किंवा छातीच्या स्नायूखाली ठेवतात. आकार वाढवण्यासाठी जगभर हाच मार्ग जास्त वापरला जातो. ही वस्तू निर्जीव असल्यामुळे तिला रक्त लागत नाही. पण शरीर तिला परकी समजून तिच्याभोवती एक आवरण तयार करतं. काहींच्या बाबतीत ते आवळतं, स्तन कडक होतो आणि दुखतो. पिशवी फुटूही शकते. जेलची पिशवी फुटली तर बाहेरून कळत नाही, त्यासाठी तपासणी करावी लागते. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एक दुर्मीळ कॅन्सर जोडला गेल्यावर २०१९ मध्ये काही प्रकार बाजारातून मागे घेण्यात आले. मुख्य म्हणजे इम्प्लांट जन्मभराचं नसतं. पुढे कधीतरी ते बदलण्याची किंवा काढण्याची शस्त्रक्रिया लागू शकते.

स्वतःची चरबी: पोट किंवा मांडीवरची चरबी लायपोसक्शनने काढून स्तनात भरतात. झेर्नी यांनी अख्खी गाठ ठेवली होती. आता चरबी अगदी बारीक थेंबांत पसरवतात, म्हणजे प्रत्येक थेंबाला आजूबाजूने रक्त मिळावं. तरीही काही चरबी जिरून जाते. आकारात वाढ माफक होते आणि कधी पुन्हा भरावी लागते. अंगावर पुरेशी चरबी नसेल, तर हा मार्ग बंद.

फ्लॅप: पाठीचा किंवा पोटाचा जिवंत भाग रक्तपुरवठ्यासह छातीवर आणणं. कावसजीची शस्त्रक्रिया ती हीच. हा पर्याय मुख्यतः कॅन्सरनंतर स्तन पुन्हा घडवण्यासाठी असतो. शस्त्रक्रिया मोठी असते, दोन ठिकाणी व्रण राहतात आणि सावरायला वेळ लागतो. पण घडलेला भाग स्वतःचाच असतो.

निर्णय घेण्याआधी

कावसजीबद्दलच्या त्या वृत्तांतात ही शस्त्रक्रिया यशस्वी होते असा दावा होता. आजचा कुठलाही जबाबदार सर्जन यशाची हमी देणार नाही. शंभर टक्के खात्रीची जाहिरात दिसली, तर तिथेच सावध व्हावं.

शस्त्रक्रिया जळगावात करायची असो, धुळ्यात किंवा मोठ्या शहरात, डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीआरएनबी पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे आधी पाहावं. भूल कोण देणार, इम्प्लांट कोणत्या बनावटीचं आहे, त्याचं कार्ड मिळेल का, गुंतागुंत झाली तर कुठे यायचं, हे थेट विचारावं. पुढे मूल हवं असेल तर स्तनपानावर परिणाम होऊ शकतो का, हेही. इम्प्लांट असेल तर मॅमोग्राफीच्या वेळी ते आधी सांगावं लागतं, कारण तपासणीची पद्धत थोडी बदलते.

पैशांचाही मुद्दा आहे. फक्त आकार वाढवण्याचा खर्च आरोग्य विमा साधारणपणे देत नाही. पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतर अवयव पुन्हा घडवायचा असेल, तर विम्याच्या प्रमाणित नियमात त्याला अपवाद आहे. कॅन्सरमुळे स्तन गमावलेल्या बाईने हा खर्च हौसेचा समजून दावा सोडून देऊ नये.

जी बाई आजाराशिवाय, स्वतःच्या मनासाठी हा विचार करते, तिची गोष्ट कावसजीपेक्षा वेगळी आहे. तिच्यावर कुणी अत्याचार केलेला नसतो आणि थांबायला तिला भरपूर वेळ असतो. म्हणूनच हा निर्णय नवऱ्याच्या, सासरच्या किंवा सोशल मीडियाच्या दबावाखाली होऊ नये. आणि तिने तो पूर्ण माहिती घेऊन केला, तर त्यासाठी तिला हिणवायचंही कारण नाही.

जानेवारी १७९४ मध्ये कावसजी वेल्स यांच्यासमोर बसला, तेव्हा त्याच्या कपाळावर व्रण होता आणि एक हात नव्हता. पण कापलेलं नाक लपवत वर्ष काढलेला माणूस आता चित्रकारासमोर चेहरा पुढे करून बसला होता. ती शस्त्रक्रिया झाली नसती, तरी कंपनीची पेन्शन त्याला मिळतच राहिली असती. चारचौघांत असं बसणं मात्र त्याला जमलं नसतं.